मरतुकीच्या रकान्यापलीकडचे संशोधन

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पारा ४४-४५ अंशांच्या वर गेला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते : अमुक गावातील शेडमध्ये उष्माघाताने इतक्या कोंबड्या दगावल्या, शेतकऱ्याचे इतके नुकसान झाले, पंचनामा करून भरपाई द्यावी अशी मागणी होत आहे. या बातम्यांत खोटे काहीच नसते. परंतु मी ३१ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर मुलाच्या ३,००० पक्ष्यांच्या ब्रॉयलर शेडमध्ये हातभार लावतो आहे, त्यामुळे त्या बातमीत जे कधीच येत नाही त्याबद्दल लिहावेसे वाटले. कोंबड्या मेल्या हे आपण छापता. मरण्याआधीचे तीन-चार तास त्यांनी कसे काढले, आणि ज्या मेल्या नाहीत त्यांनी काय सोसले, हे बातमीत नसते, आमच्या नोंदवहीत नसते आणि विद्यापीठांच्या प्रबंधांतही फारसे सापडत नाही. तसे प्रश्न घेऊन दोन वर्षे काम करू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पैसे देणारे आपल्याकडे कोणी नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे, आणि हे पत्र तेवढ्याच एका कारणाविषयी आहे.

गेल्या मे महिन्यातील एका दुपारचे सांगतो. बॅच ३४ दिवसांची झाली होती, पक्षी पावणेदोन किलोच्या आसपास होते आणि चार दिवसांवर लिफ्टिंग, म्हणजे पक्षी गाडीत भरून नेणे, आले होते. साडेबाराला वीज गेली. वर टिन, दोन्ही बाजूंना जाळी, जाळीवर सोडलेले ओले बारदान. एक वाजेपर्यंत नेहमीचा कलकलाट होता. दीडच्या सुमारास तो उतरू लागला, आणि ज्याने कोंबड्या पाळल्या आहेत त्याला शेड शांत होण्याची जेवढी भीती वाटते तेवढी गोंगाटाची वाटत नाही. कोंबडीच्या अंगात घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढाच तिच्याजवळ उपाय असतो, आणि शेवटच्या आठवड्यात शेड इतके दाटलेले असते की सगळ्यांनी एकदम पंख उघडायचे म्हटले तर त्यालाही जागा उरत नाही. मुलगा आणि सूनबाई पाठीवरच्या फवारणी पंपाने छतावर पाणी मारत होते, मी गूळ-मिठाचे पाणी भांड्यांत ओतत फिरत होतो. भिंतीलगतचा एक पक्षी उचलला, तर त्याच्या गळ्याखालची कातडी एकसारखी थरथरत होती आणि छातीची धडधड तळहाताला लागत होती, पण मोजता येत नव्हती. खाली ठेवला तेव्हा तो उभा राहिला नाही. वीज साडेचारला आली. त्या दिवसाची मरतूक २११.

संध्याकाळी मेलेले पक्षी खाद्याच्या रिकाम्या पोत्यांत भरले, आमच्याकडे पक्षी वाढवायला देणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले आणि नोंदवही उघडली. तिच्यात दिवस, मरतूक, खाद्य आणि वजन असे रकाने आहेत. मरतुकीच्या रकान्यात २११ लिहिले. उरलेल्या पावणेतीन हजार पक्ष्यांची त्या दुपारची तगमग लिहायला रकाना नव्हता. तिचा काही अंश पुढे वजनाच्या घटीत उतरला, तिथून तो एफसीआरमध्ये, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागले त्या हिशेबात, गेला आणि शेवटी आमच्या ग्रोइंग चार्जेसमधून, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यातून, वजा झाला. म्हणजे त्या सोसण्याची किंमत कोणीच मोजत नाही असे नाही. ती चुकीच्या नावाने मोजली जाते आणि शेतकऱ्याच्या खात्यावर टाकली जाते.

माझ्या साडूची मुलगी पशुवैद्यकीय पदवीची साडेपाच वर्षे पुरी करून एम.व्ही.एस्सी., म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी, करते आहे. कोणत्या महाविद्यालयात ते लिहीत नाही, कारण तिच्या वाट्याला जे आले ते कोठेही येऊ शकले असते. त्या मे महिन्यानंतर ती सुटीत आमच्याकडे आली, चार दुपारी शेडमध्ये बसली आणि तिने प्रबंधाचा विषय मनाशी ठरवला : टिनाच्या शेडमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी पक्ष्यांची अवस्था आणि शेतकऱ्याला परवडतील असे छतावरचे उपाय. तिने खर्चाची यादीही केली. दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रे, दोन साधे कॅमेरे, रक्तातील ताणाच्या संप्रेरकाची तपासणी आणि चार गावांतील शेडपर्यंत दोन उन्हाळे जाण्यायेण्याचा खर्च धरून सव्वा लाखाच्या आत बेरीज होती. तिच्या मार्गदर्शकांना विषय पटला होता. ते एवढेच म्हणाले, "हे कोणत्या हेडखाली टाकू ते सांग." सहा महिने तो हेड, म्हणजे खर्चाचे लेखाशीर्ष, सापडला नाही. दरम्यान खाद्यपूरक तयार करणाऱ्या एका कंपनीने पावडर फुकट आणि पक्ष्यांचा व प्रयोगशाळेचा सगळा खर्च देऊ केला, आणि तिचा विषय बदलला. त्या पावडरीने उन्हाळ्यात किती ग्रॅम वजन जास्त येते, हे ती आता मोजते आहे. मुलगी मन लावून काम करते, पावडरीचा उपयोगही होत असेल, आणि कंपनीने काही गैर केले असे माझे म्हणणे नाही. ज्याला पावडर विकायची आहे तो पावडरीच्या प्रश्नालाच पैसे देणार. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, छप्पर कोणाला विकायचे नसते, म्हणून तुराट्यांच्या प्रश्नाला कोणी वाली नाही.

आपल्याकडे पदव्युत्तर संशोधनाला पैसा कोठून येतो, हे वाचकांना थोडे सांगायला हवे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्या प्रवेश परीक्षेतील गुणवत्तेवर मिळतात. बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप विद्यार्थ्याच्या सामाजिक घटकाप्रमाणे मिळतात, आणि त्यांच्यामुळे आमच्यासारख्या घरांतील मुले संशोधनापर्यंत पोचली, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु हा पैसा विद्यार्थ्याच्या मागे जातो, विषयाच्या मागे नाही. विषयाच्या मागे जाणारा पैसा प्रकल्पांतून येतो, आणि प्रकल्पांची भाषा बहुधा लिटर, किलो, अंडी आणि लस यांची असते. पशुकल्याण हा विषय अभ्यासक्रमात नाही असे मुळीच नाही. पशुधन उत्पादन व व्यवस्थापन विभागात तो शिकवला जातो, त्यावर प्रश्न येतात, मुले उत्तरे लिहितात आणि पुढे प्रबंध दुसऱ्याच कशावर तरी करतात.

यावर कोणी म्हणेल की जनावराला त्रास होतो हे कळायला प्रबंध कशाला, डोळे पुरेसे आहेत. डोळे पुरत नाहीत, याचा एक जुना दाखला याच मुलीने मला सांगितला. ब्रिटनमध्ये कारखानी पद्धतीच्या पशुपालनावर गदारोळ झाला तेव्हा तेथील सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९६५ साली तिचा अहवाल आला. अंड्यांच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांना तळाशी बारीक तारेची षटकोनी जाळी नसावी, जाड तारेची जाळी असावी, अशी तिची एक शिफारस होती. बारीक तार पायाला रुतत असणार, हा कोणत्याही भल्या माणसाचा अंदाज. मीही तोच केला असता. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी दोन्ही जाळ्या कोंबड्यांसमोर ठेवून निवड त्यांच्यावरच सोपवली, तेव्हा कोंबड्यांनी बारीक जाळी पसंत केली. बारीक जाळीत पायाला जास्त ठिकाणी आधार मिळतो, हे मागाहून लक्षात आले. समितीचा हेतू चांगला होता, सदस्य जाणते होते, आणि तरीही कोंबडीच्या पायाखाली काय हवे हे कोंबडीला विचारल्याशिवाय कळले नाही. हे 'विचारणे' म्हणजेच पशुकल्याणाचे शास्त्र : निवडीचे प्रयोग, चाल पाहून दिलेले गुण, तळपायाच्या आणि गुडघ्यांच्या चट्ट्यांची मोजणी, संप्रेरकांची तपासणी. तेथे हा विषय पुढे इतका रुजला की १९८६ साली केंब्रिज विद्यापीठात पशुकल्याणाचे जगातील पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की समोरच्याला गोशाळा किंवा भटकी कुत्री आठवतात. खाटकाकडे, हॉटेलात किंवा डेअरीत ज्यांचा शेवट ठरलेला आहे, त्या जनावरांचा विचार त्या शब्दात कोणी धरतच नाही, आणि संख्येने तर तीच सर्वांत जास्त आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके आणि जवळपास १५ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांत निघून जातो आणि त्याच शेडमध्ये वर्षाला पाच-सहा बॅच होतात, हे लक्षात घेतले तर गणनेच्या दिवशीचा आकडाही अपुराच म्हणावा लागेल.

ब्रिटनचे किंवा हॉलंडचे निष्कर्ष आणून आपले काम भागेल, असेही कोणी समजू नये. दुधाळ गाईंवरील उष्णतेचा ताण मोजण्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात आणि तो ७२ च्या वर गेला की संकरित गाईला त्रास सुरू होतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. तापमान ३५ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली तरी हा आकडा ७८ च्या आसपास येतो, आणि ३५ अंश ही आमच्याकडे मार्च महिन्यातील दुपार झाली. म्हणजे त्या मोजपट्टीने आमची गाय मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दररोज दुपारी ताणाखाली आहे. मग ती मोजपट्टी वर्धेकडच्या गवळाऊ आणि गडचिरोलीच्या कठाणी या देशी गाईंना, नागपुरी म्हशीला लावायची की नाही, आणि नाही तर कोणती लावायची? वऱ्हाडातल्या बेरारी शेळीला हे ऊन खरोखर सोसते, की ती फक्त ओरडत नाही म्हणून आपण तसे समजतो?

हा प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत आम्ही एकदा पाहिली आहे. जुलै २००६ मध्ये पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले आणि त्यात निम्म्या अनुदानावर दुधाळ संकरित गाई देण्याची योजना होती. मी तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होतो. माझ्या हद्दीतील एका लाभार्थ्याने पहिल्याच उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कुलर गोठ्यात नेऊन लावला होता आणि त्याची म्हातारी आई बाहेर कडुनिंबाखाली बाजेवर बसून होती. गाय तरीही जीभ बाहेर काढून धापा टाकत होती, चारा तोंडात धरून तशीच उभी राहत होती. "साहेब, हे गाय माया पोरीपेक्षा नाजूक हाय," असे तो हसत म्हणाला. पावसाळ्याआधी त्याने ती विकली, मिळेल त्या भावाने. योजना आखणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, परंतु आमच्या टिनाखाली ती गाय मे महिना कसा काढेल, याचे उत्तर कागदावर लिहून ठेवलेला माणूस तेव्हा कोणत्याच कार्यालयात नव्हता, कारण तो तयार करण्यावर आधी कोणी खर्चच केलेला नव्हता.

आणि हे प्रश्न महागडे नाहीत. छताचेच घ्या. आमच्या भागात कोणी टिनावर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) टाकतो, कोणी तुराट्या, कोणी चुना मारतो, कोणी हिरवी नेट बांधतो, कोणी जुन्या साड्या ओल्या करून लटकवतो. प्रत्येकजण आपलाच उपाय सर्वांत चांगला म्हणून शपथेवर सांगतो. पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर कोणत्या छताखाली किती अंश कमी होतात, ओल्या बारदानाने गारवा येतो तेव्हा आतला दमटपणा वाढून धापा टाकण्याचा उपयोगच कमी होतो काय, छत थंड झाले तर पक्षी पंख मिटून बसतो काय, हे एका विद्यार्थ्याने चार शेडमध्ये दोन उन्हाळे मोजले तर आमच्या तालुक्याचा वाद मिटेल.

लिफ्टिंगचे तसेच. गाडी रात्री अकरा-बाराला येते. पकडणारी पोरे नगावर मजुरी घेतात, त्यामुळे एकेका हातात चार-पाच पक्षी, एकेका पायाने धरून, उलटे लटकवत क्रेटपर्यंत धावत जातात. क्रेटचे झाकण पडताना पंख अडकतो, मांडीचा सांधा निखळतो, आणि मोडलेला पक्षी वजनात तेवढाच भरत असल्याने त्याची वेगळी नोंद होत नाही. अंधारात, निळ्या दिव्याखाली पक्षी कमी बिथरतात हे सर्वांना ठाऊक आहे, तरी माझ्या पाहण्यातील बहुतेक शेडमध्ये पांढरी ट्यूब जळत असते. दोन्ही पाय धरून, एका हातात दोन-तीनच पक्षी नेले तर गाडी भरायला किती मिनिटे जास्त लागतात, मजुरी किती वाढवावी लागेल आणि मोडतोड किती घटेल, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कोणतीही कंपनी आपली रीत बदलणार नाही. ती पोरेही आमचीच आहेत. रात्रभर अमोनियाच्या वासात वाकून त्यांच्या कमरा जातात, हाही त्याच प्रबंधातील एक प्रकरण होऊ शकेल.

म्हशीला हल्या, म्हणजे नर रेडकू, झाला की त्याचे काय होते, हे खेड्यात राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. त्याला कोणी मारत नाही. त्याला दूध पुरत नाही, इतकेच. पंधरा-वीस दिवसांत तो खुंट्याला मान टाकतो, आणि मग म्हशीने पान्हा सोडावा म्हणून इंजेक्शनची बाटली शोधली जाते. रेडकाला किती दिवस, किती दूध दिले तर ते जगते, म्हैस आपणहून पान्हा सोडत राहिल्याने मालकाच्या पदरात किती पडते, आणि तरीही त्याला ते परवडत नसेल तर का परवडत नाही, या प्रश्नातून कोणाला बाटली किंवा पावडर विकता येत नाही. नेमके म्हणूनच तो सार्वजनिक पैशाने विचारला पाहिजे.

कायद्याकडून फार अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिला गेला, आणि वेसण टोचणे, खच्चीकरण करणे, शिंगे काढणे, डागणे या गोष्टी 'विहित पद्धतीने' केल्यास कलम ११(३) खाली त्या गुन्हा ठरत नाहीत. मी नोकरीत असताना बर्डिझो चिमट्याने हजारो गोऱ्हे खच्ची केले आहेत. एका गोऱ्ह्याला किती वेळ दुखते आणि आधी सुन्न करायचे इंजेक्शन दिले तर त्याचे खाणे किती लवकर पूर्ववत होते, हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या, जल्लिकट्टूविषयीच्या नागराज खटल्यात भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वागणुकीची मोकळीक ही पाच स्वातंत्र्ये कायद्याशी जोडली, आणि विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांच्या निवाऱ्यावर व वाहतुकीवर शिफारशी केल्या. त्या शिफारशी आमच्या टिनाखाली कितपत लागू पडतात, हे सांगणारी मोजमापे इथलीच हवीत. येथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बैलगाडा शर्यतीचा, म्हणजे आमच्या शंकरपटाचा, प्रश्न न्यायालयात अडला तेव्हा बैल धावण्याजोगा प्राणी आहे की नाही याचा अभ्यास करायला शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली होती. निकड वाटली की अभ्यासाला पैसे मिळतात, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता गावातील आक्षेपाकडे येतो. हे सगळे मी पारावर बोललो तेव्हा एकजण म्हणाला, "आमालेच कोनी इचारत नाई, अन् तुमी कोंबडीचं घेऊन बसले." यवतमाळ जिल्ह्यात राहून या वाक्याला हसण्यावारी नेण्याची माझी हिंमत नाही. परंतु त्याच्याच शेडमध्ये मागच्या उन्हाळ्यात दोन बॅच तोट्यात गेल्या आणि त्याचे बँकेचे हप्ते थकले, हे त्याला आठवून दिले. ज्या टिनाखाली कोंबडी तगमगते त्याच टिनाखाली त्याची बायको दिवसभर भांडी धुते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो, कारण वर्षभर जू ओढून तो खांदा सोलवटला आहे हे आम्हाला दिसते आणि मान्यही असते. शेळीला, कोंबडीला, हल्याला आवतण नाही. त्यांना पूजा हवी असे माझे म्हणणे नाही. खांदशेकणीत जी साधी नजर आहे, कोठे सोलवटले आहे ते हात लावून पाहण्याची, ती त्यांच्यापर्यंत जावी एवढेच. शेवटी कापायचेच आहे तर हे कशाला, असे विचारणाऱ्यांना उत्तर देणे मला अवघड वाटत नाही : कापायला एक क्षण लागतो, त्याआधीचे चाळीस दिवस किंवा दहा महिने ते जनावर आपल्या ताब्यात असते.

खर्चाचा माझा हिशेब असा आहे. एका एम.व्ही.एस्सी. विद्यार्थ्याला दोन वर्षे दरमहा १५ हजार रुपये धरले तर ३ लाख ६० हजार होतात, यंत्रे, तपासण्या व प्रवास यांना १ लाख ४० हजार ठेवले तर एका प्रबंधाला ५ लाख लागतात. दर दोन वर्षांनी दहा विद्यार्थी घेतले तर ५० लाख, म्हणजे वर्षाला २५ लाख. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था या दोन ठिकाणी एवढे विद्यार्थी सहज मिळतील. पैसा उभा करायला नवा कायदा नको. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत 'पशुकल्याण' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसा, सिमेंट आणि वीज कंपन्यांनी गावोगाव कमानी आणि बाकडी पुष्कळ दिली आहेत. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांचे लेखाशीर्ष असते. तिथे सौर दिवे बसतात तर पाच लाखांचा एक प्रबंधही बसेल. ज्या बाजार समित्या गुरांच्या आणि शेळ्यांच्या बाजारावर शुल्क घेतात, त्यांनीही यात वाटा उचलायला हरकत नाही.

मात्र पैसा कोणाचाही असला तरी तो एका सामाईक खात्यात जमा व्हावा आणि विषयांची निवड विद्यापीठाची समिती, पशुपालक आणि एखादा बाहेरचा शास्त्रज्ञ यांनी मिळून करावी. कुक्कुट कंपनीने पैसे दिले म्हणून तिला अडचणीचा प्रश्न गाळला जाऊ नये, आणि पशुपालनच बंद व्हावे असे मानणाऱ्या संस्थेने पैसे दिले म्हणून उत्तर आधीच ठरलेले असू नये. उपायाचा उपयोग झाला नाही असे निघाले तर तेही छापून आले पाहिजे. ज्याच्या शेडमध्ये प्रयोग होईल त्या शेतकऱ्याला त्या काळातील नुकसानीची हमी हवी, नाहीतर कोणी दार उघडणार नाही. आणि एक अट मी माझ्या अनुभवाने आग्रहाने घालीन. प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात आणि कृषिकोषसारख्या संकेतस्थळावर जाऊन बसतात, जिथे आमच्या दवाखान्यातील कोणी कधी फिरकत नाही. प्रत्येक प्रबंधाचा चार पानी मराठी सारांश प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. ३१ वर्षांत माझ्या टेबलावर औषध कंपन्यांची रंगीत पत्रके शेकड्याने आली, पण विद्यापीठाच्या एखाद्या प्रबंधाचे एक पानही आले नाही.

हे पत्र वाचून कोणी मार्गदर्शक किंवा विद्यार्थी छताचा प्रयोग करायला तयार असेल, तर आमचे शेड त्यासाठी खुले आहे. मुलाशी बोललो आहे. अर्ध्या टिनावर तुराट्या आणि अर्ध्यावर चुना, मध्ये बारदानाचा पडदा, अशी विभागणी करायला तो तयार आहे, आणि मरतुकीबरोबर आणखी जे रकाने लिहायला सांगाल ते सूनबाई लिहील. एवढेच की जानेवारी संपण्याआधी कळवावे. तूर निघाली की तुराट्या महिनाभर बांधावर पडून असतात, त्यानंतर त्या चुलीत जातात आणि मग मे महिन्यात मागून मिळत नाहीत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ